चाळीस तासांचा आरसा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत नाव घातलं होतं, पण मास्तरांनी एकदा उगाच मारलं म्हणून मी जो वर्गातून उठलो तो परत गेलो नाही. घरच्यांनी समजावलं, मास्तर स्वतः घरी आले, तरी नाही. हा हट्ट तेव्हापासूनचा आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. एकदा वाटली. माझ्या हट्टापायी एका पोरीचं दोन वर्षांचं काम मातीत जायची पाळी आली होती. ती गोष्ट तिच्याच तोंडून चार लोकांनी ऐकली आहे. माझ्या बाजूनं मी लिहून ठेवतो.

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला एका गल्लीत माझं बफिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मोटारी, मोटारींच्या टोकांना कापडाची चाकं आणि भिंतींवर इतक्या वर्षांचा काळा थर. फिरत्या चाकाला मसाल्याची हिरवी वडी लावायची आणि धातू त्यावर धरायचा, एवढंच काम. लोकांना वाटतं चाक चमकवतं. चाक काही चमकवत नाही. किती दाबायचं आणि कधी उचलायचं हे मनगट ठरवतं. लग्नसराईच्या आधी बँडवाल्यांची पितळी वाद्यं, विहारातली घंटा, देवघरातल्या समया, शाळांचे कप, पोरांच्या मोटारसायकलींचे सायलेन्सर, सगळं माझ्या हातून गेलेलं आहे. आणि माझ्या दुकानाचा एक नियम आहे. इथं आलेली वस्तू मळकी परत जात नाही. कोणी नुसता कान जोडायला पातेलं आणलं तरी जाता जाता मी ते चाकावर धरतो. त्याचे पैसे लावत नाही. माझ्या दुकानातून गेलेली वस्तू लोक बघतात, म्हणून.

ती पोरगी आली तेव्हा मी एक सनई धरून बसलो होतो. मोटार बंद करेपर्यंत ती दारात उभी राहिली. तिशीची असेल. खांद्याला पिशवी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहरा उन्हानं लाल.

"आबाजी, आरसा बनवून द्याल का?"

"आरसा काचवाल्याकडे भेटते. हे बफिंगचं दुकान हाय."

"काचेचा नको. स्टीलचा पाहिजे."

तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या चकत्या काढल्या. बिस्किटाएवढ्या गोल, जाड, खरखरीत. मी एक हातात घेतली. चांगलं स्टील होतं.

"तोंड पाहाले पाहिजे?"

"नाही. खराब करायला पाहिजे. तुम्ही चमकवून द्या, मी खराब करते. किती वेळात किती खराब होतो ते मोजायचं आहे."

मी तिच्याकडे नीट बघितलं. वेडी वाटत नव्हती.

"ह्याचा पगार भेटते तुले?"

"नाही ना, आबाजी! पगार नाई म्हणूनच तर करून राहिली."

मूळची ती अचलपूरची. अमरावतीच्या एका कॉलेजात तासावर शिकवायची आणि पीएचडी करत होती. पीएचडी झाली तर नोकरी पक्की व्हायची वाट होती. अमरावतीतल्या दोन पॉलिशवाल्यांना तिनं चकत्या दाखवल्या, तर दोघंही म्हणाले, एवढं बारीक काम आमचं नाही, अकोल्यात एक म्हातारा आहे, डोक्यानं तिरसट पण हातानं सोनं, त्याच्याकडे जा. हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, 'तिरसट' सकट. तिथंच मला ती आवडली.

चकत्या मी दुपारपर्यंत करून दिल्या. आधी जाड चाक, मग बारीक, मग हिरवी वडी. माझ्या मिशीचा एकेक केस त्यात मोजून घ्यावा अशा झाल्या. ती त्या बोटांच्या टोकांनी, फक्त कडेला धरून, पुन्हा पुन्हा बघत राहिली. मला वाटलं काम संपलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली आणि त्यातली एक चकती माझ्यासमोर ठेवली. चमक उतरलेली होती. त्याचं काही नाही, उतरवायचीच होती. पण सगळ्या चकतीभर आडव्या रेघा उठल्या होत्या, पाटावर सुरी फिरवल्यासारख्या.

"ह्या रेघा तुमच्या चाकाच्या आहेत," ती म्हणाली.

"माह्या कामात रेघ?" माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण समोरचा चहावाला डोकावला. "म्या दिली तवा काच होती ही. तुह्या मशिनीनं पाडल्या रेघा."

"मशिनीनं पाडल्या नाहीत, आबाजी. मशिनीनं उघड्या पाडल्या."

ती स्टुलावर बसली आणि न चिडता सांगू लागली. म्हणाली, जाड चाकाचे ओरखडे असतातच. बारीक चाक फिरतं तेव्हा धातू तापून वरच्या वर जरासा पसरतो आणि ते ओरखडे झाकतो. भेगा पडलेल्या भिंतीवर गिलावा दिला तर भिंत नवी दिसते, तसं. माणसाच्या डोळ्याला ते कधीच कळायचं नाही. पण तिच्या मशिनीत तो वरचा पातळ थर निघून जातो आणि खालचं खरं दिसायला लागतं.

मी आयुष्यभर जे केलं त्याला ती गिलावा म्हणत होती. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी चकत्या रस्त्यावर फेकल्या असत्या. पण तिनं कागदावर आकृती काढली, भिंग दिलं, आणि भिंगातून मी बघितलं. रेघा एकाच दिशेच्या होत्या. माझ्या जाड चाकाची दिशा मला ओळखू येते.

"दाखव मले तुही मशीन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बसनं अमरावतीला गेलो. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती आणि त्यात ती मशीन. मला वाटलं होतं काहीतरी अजस्र असेल. तसं नव्हतं. लग्नात भाताला वापरतात तेवढं स्टीलचं पिंप, त्याला जाड काचेची एक खिडकी, खाली धडधडणारा पंप, बाजूला वायरी आणि आकडे दाखवणारी पेटी. माझी नवी चकती तिनं आत बसवली, झाकण आवळलं आणि पंप लावला. आतली हवा काढायलाच तास गेला. तोवर तिनं मला डब्यातली पोळी आणि मिरचीचा ठेचा दिला.

मी विचारलं, "हे कायले करतं माणूस? आरसा बनवाचा अन् मग त्याले मारत बसाचं?"

ती म्हणाली, जगात काही ठिकाणी मोठमोठी यंत्रं आहेत, त्यांत सूर्यात असतो तसला जाळ भांड्यात धरून ठेवायचा प्रयत्न चालू आहे. त्या जाळाकडे बघायचं तर कॅमेरा जवळ नेता येत नाही, जळून जाईल. म्हणून आत धातूचा आरसा ठेवतात आणि त्यातून, कोपऱ्यावरून डोकावल्यासारखं, लांबून बघतात. पण त्या जाळातून सुटलेले कण आरशावरही आदळतात. आरसा किती दिवस टिकेल आणि कोणत्या तऱ्हेनं आंधळा होईल हे आधीच माहीत पाहिजे. तेच ती लहान पिंपात, लहान जोरावर बघत होती.

ज्या आरशात कोणी भांग पाडणार नाही, कुंकू लावणार नाही, असा आरसा मी केला होता. हे ऐकून मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

मग तिनं एका नळीतून अगदी थोडा वायू आत सोडला आणि बटण हळूहळू फिरवलं. आत अंधार होता. अंधारात एकदम रंग आला. मी तो रंग ओळखला. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळं पडतं, तोच रंग. फक्त हे फूल जळत होतं आणि आवाज करत नव्हतं. चकतीच्या पुढ्यात बोटभर अंतर सोडून तो प्रकाश उभा होता, जसं काही चकतीला हात लावायला भीत होता.

"हा प्लाझ्मा," ती म्हणाली. "ह्या वायूचे कण विजेनं बिघडलेले आहेत. चकती त्यांना ओढते, आणि ते तिच्यावर आपटतात. गारपीट होते ना, तसं. एकेक गार धातूचा एखादा कण उडवते."

"गारा दिसतात. इथं तर काईच दिसून नाई राह्यलं."

"चाळीस तास गारा पडू द्या, मग दिसेल."

सगळा आरसा सारखा झिजला तर तो चमकताच राहील ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, हाच तर प्रश्न आहे. धातू आतून सलग नसतो. बारीक बारीक दाण्यांचा असतो, आणि प्रत्येक दाणा वेगळ्या अंगावर बसलेला. एका अंगावरचा दाणा लवकर झिजतो, दुसरा उशिरा. मग वरवर सपाट असलेल्या आरशात पायऱ्या पडतात, आणि प्रकाश सरळ परत येण्याऐवजी इकडे तिकडे सांडतो.

हे मला तिच्या आधी कळलं होतं, फक्त त्याचं कारण माहीत नव्हतं. आमच्या अकोल्याच्या जुन्या बसस्टँडवर मोझॅकची फरशी होती. लाखो पाय गेले तेव्हा तिच्यातलं सिमेंट खाली बसलं आणि खडे वर राहिले. चप्पल घसरायची बंद झाली आणि पाण्यानं पुसली तरी चमकायची बंद झाली. मी तिला हे सांगितलं. तिनं वही काढून लिहून घेतलं. एका चौथी शिकलेल्या माणसाचं बोलणं लिहून घेणारी बाई मी तोवर बघितली नव्हती.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. तिच्याकडे एक दिवा आणि एक मोजायचं यंत्र होतं. नव्या चकतीवर प्रकाश सोडला की किती परत येतो ते आकड्यात दिसायचं. माझ्या चकतीचा आकडा आला शंभरातले साठच्या वर काही.

"साठ?" मी म्हणालो. "माह्या कामाले साठ?"

"तुमच्या कामाला नाही, आबाजी, स्टीलला. स्टीलचा स्वभावच तेवढा. चांदी जास्त देते."

"मंग चांदी आन."

ती इतकी हसली की तिला पंप बंद करायचा होता तोही विसरली.

परत आल्यावर मी चाक बंद ठेवलं. पाण्यात भिजवलेले बारीक कागद आणले, जाडापासून बारीकपर्यंत आठ प्रकारचे. सपाट काचेवर कागद ठेवायचा आणि चकती हातानं घासायची. एका कागदाच्या रेघा जोवर पूर्ण जात नाहीत तोवर पुढचा कागद घ्यायचा नाही. प्रत्येक कागदाला चकती पाव फिरवून धरायची, म्हणजे जुनी रेघ आडवी येते आणि लपू शकत नाही. शेवटी मलमलीवर पांढरी पूड. तिच्या उतरलेल्या चकत्याच घेऊन अशा पाच केल्या, एक कोरी माझ्याकडे शिल्लक राहिली. बँडवाले दारात ओरडत होते. मी म्हटलं, थांबा, सूर्य बघायचा आरसा चालू आहे.

पाच चकत्यांचे पाच हिशोब होते. एक तास, पाच तास, दहा, वीस आणि चाळीस. चाळीस तासांच्या चकतीलाच सगळ्यात जास्त दिवस लागले. पंप सलग चालत नव्हता, वीज जायची, मशीन दुसऱ्यांनाही लागायची. जमेल तसे तीन तास, चार तास करत तिनं दोन महिन्यांत ते चाळीस तास भरवले. मग ती चकती दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची होती. तिथली तारीख तिला कितीतरी महिन्यांनी मिळाली होती. त्या मशिनीत चकती बसवायला मागच्या बाजूनं पेचाचं भोक पाहिजे होतं.

सकाळी ती दुकानात आली. घाईत होती, अकोल्यात तिच्या मावशीकडे जेवून संध्याकाळच्या गाडीनं निघायची होती.

"आबाजी, फक्त मागून भोक पाडा. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही मी ही."

"ठेव. संध्याकाळी घेऊन जाजो."

भोक मी असं पाडलं की समोरच्या बाजूला कळणारसुद्धा नाही. चकती मऊ फ्लॅनेलवर पालथी ठेवली, एक एक फेरा देत गेलो. मग उलटी करून बघितली. तोंड मळकं, धुरकट. माझा पांढरा सदरा त्यात पिवळट दिसत होता. आणि माझ्या मनात आलं ते खरं तेच लिहितो. मागच्या खेपेला तिनं उतरलेल्या चकत्या आणल्या तेव्हा मीच त्या परत चमकवल्या होत्या. ह्या वेळी पोरीला मागायला संकोच वाटला असेल, किती फुकट काम सांगायचं म्हणून. आणि आपल्या दुकानातून मळकी वस्तू जाणार, तीही मोठ्या शहरात, मोठ्या साहेबांपुढे? फोन करून विचारायचं डोक्यात आलं होतं. पण मला कोणाला विचारायची सवय नाही.

आठ कागद, मलमल आणि पूड. चार तास लागले. आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालं.

संध्याकाळी ती आली, कागद उघडला, आणि तिला चकतीत स्वतःचा चेहरा दिसला.

 मी म्हणालो, "पाय, कशी झाली."

"आबाजी, हे काय केलं?"

"मळकी होती. चमकवून देल्ली."

"मळकी पाहिजे होती!" मग आवाज खाली आणून, "मळकीच तर पाहिजे होती हो. ते चाळीस तास होते तिच्यावर. तेच दाखवायला नेत होती मी. दिव्यापुढचा आकडाही घ्यायचा राहिला होता अजून. कोणी सांगतलं होतं तुमाले?"

"भोकासाठी देल्ली तर तोंड झाकून द्याचं होतं," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो, आणि आजही ते माझ्या तोंडातून गेलेलं मला सोसत नाही.

ती स्टुलावर बसून राहिली. गाडीची वेळ झाली, तरी बसून राहिली. तिच्या विद्यापीठाची मुदत दोन महिन्यांनी संपत होती, हे तिनं मला आधीच सांगितलेलं होतं. शेवटी तिनं फोन काढला, मोठ्या शहरातल्या माणसाला तारीख सोडत असल्याचं कळवलं, चकती पिशवीत टाकली आणि निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "भोक चांगलं पाडलं." टोमणा होता की खरंच म्हणाली, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. तिनं ठेवलेल्या चकत्यांतली एक शिल्लक होती. घरीच काचेवर बसलो आणि दोन दिवस ती घासली. एकेका कागदाला पूर्वी दिला त्याच्या दुप्पट वेळ दिला. तिसऱ्या दिवशी बस धरून तिच्या प्रयोगशाळेत उभा राहिलो.

"माफी मागायला आलात?" ती म्हणाली.

"नाई. आरसा द्याले आलो."

तिनं चकती उजेडात तिरपी धरली. मग म्हणाली, "बसा. पण चाळीस तास भरवायला मी एकटी पुरणार नाही. मला वर्ग असतात. काट्यावर लक्ष ठेवाल? सरांना विचारून घेते."

तिच्या गाइड सरांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, पाच मिनिटं प्रश्न विचारले आणि हो म्हटलं. मग काय, रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. ती वर्गावर गेली की मी पिंपासमोर. काटा इकडे सरकला तर हे बटण, तिकडे सरकला तर ते, आणि प्रकाश विझला तर काहीही हात न लावता तिला बोलवायचं. ह्या शेवटच्या कलमावर तिनं दोनदा बोट ठेवलं. मी मान हलवली. कपाशीच्या फुलाच्या त्या रंगासमोर मी महिनाभर बसलो. कंटाळा आला नाही. माझं चाक गडगडतं, धूळ उडवतं, तोंड काळं करतं, तेव्हा कुठं धातूवरचा एक थर निघतो. इथं आवाज नाही, धूळ नाही, आणि कणाकणानं धातू निघत होता. असला कारागीर मी बघितला नव्हता.

चाळीस तास भरले. तिनं चकती दिव्यापुढे धरली, आकडा घेतला, पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मग पाटीवर तिनं काढलेल्या चार ठिपक्यांच्या उतरत्या रेघेत पाचवा ठिपका ठेवला. तो रेघेच्या खाली नव्हता, वर होता. वीस तासांच्या ठिपक्याच्याही वर. म्हणजे चाळीस तास मार खाल्लेला आरसा वीस तासांच्या आरशापेक्षा चांगला बघत होता.

"असं कसं?" मी म्हणालो.

तिनं चकती भिंगाखाली धरली. "तुम्ही ह्याला जास्त घासलं. पहिल्या चारांत अजूनही दबलेले ओरखडे होते. ह्यात नाहीत. म्हणून हा कमी बिघडला."

तिच्यासोबत काम करणारा एक जण तिथंच होता. तो म्हणाला, "ताई, मुदत जवळ आली. ठिपका थोडा खाली घे ना. कोण पाहायला येते इथं चाळीस तास बसून?"

"मी बसली ना," ती म्हणाली. "आणि आबाजी बसले."

तिनं पाटी पुसली. विद्यापीठाकडे अर्ज करून सहा महिने वाढवून घेतले आणि पाचही आरसे नव्यानं करायचे ठरवले, एकाच हातानं, एकाच वेळेच्या मापानं. तिची नोकरीची वाट त्या वर्षी बंद झाली. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या मावशीकडून कळलं.

"एक गोष्ट लागेल," ती मला म्हणाली. "तुम्ही कसं घासता ते मला लिहून घ्यायचं आहे. सगळं. नाहीतर दुसऱ्या कोणाला हा आरसा परत करता येणार नाही, आणि मग माझ्या आकड्यांना अर्थ नाही."

हे मी आजवर कोणाला दाखवलं नव्हतं. माझ्या पोरांना नोकऱ्या लागल्या, त्यांना नको होतं. बाहेरच्याला मी देत नव्हतो. बफिंगवाले माझ्या दुकानासमोर चहा पीत बसायचे, कोणती पूड वापरतो ते बघायला, तर मी पुडीचा डबा बदलून ठेवायचो. तिला मी नाही म्हणालो असतो तर तिनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"स्टूल आन," मी म्हणालो.

तीन दिवस ती घड्याळ घेऊन माझ्या बाजूला बसली. किती फेरे, किती पाणी, कागद केव्हा टाकायचा, अंगठा कुठं, कोणत्या वेळी श्वास धरायचा, सगळं लिहीत गेली. "श्वासाचं कायले लिहितं?" म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही धरता ना, म्हणून." मला स्वतःला माहीत नव्हतं की मी श्वास धरतो.

पुढचे आरसे झाले. पाच ठिपके खाली खाली उतरत गेले, एकाही ठिपक्यानं बंड केलं नाही. निळ्या प्रकाशाचा आकडा आधी पडायचा आणि लाल मागून, म्हणून तर माझा सदरा पिवळा दिसला होता. हे कळलं तेव्हा मला माझीच चूक नव्यानं बघितल्यासारखं झालं.

छापायला देण्याआधी ती प्रबंध घेऊन दुकानात आली. इंग्रजी होता. तिनं दोन पानं मला मराठीत वाचून दाखवली. पहिलं आभाराचं पान. त्यात माझं पूर्ण नाव होतं, आणि 'ज्यांच्या हातांशिवाय हे आरसे झाले नसते' असं काहीतरी. दुसरं पान आतलं. त्यात लिहिलं होतं की पहिल्या संचातला चाळीस तासांचा नमुना मोजणीआधी एका कारागिराकडून चुकून पुन्हा पॉलिश झाल्यामुळे वाया गेला, आणि म्हणून दोन संच केले.

"हे असं नाई चालत," मी म्हणालो.

"काय नाही चालत? खरं आहे ना?"

"खरं हाय. पन चांगल्याच्या पानावर माहं नाव, अन् चुकीच्या पानावर नुस्ता 'कारागीर'? मंग लोकं म्हनतीन, दुसऱ्याच कोन्या गाढवानं घासला. लावत असशील तर दोनी पानावर नाव लाव. नाई तर दोनी पानावरून काढ."

"आबाजी, असं कोणी लिहीत नाही. चुकीच्या ठिकाणी नाव देत नसतात."

"मले शिकवू नोको. तुह्या ठिपक्याले तू खाली सरकवलं होतं काय?"

तिनं ते पान परत उघडलं. मग पेन काढलं आणि आतल्या पानावर 'कारागीर' खोडून माझं नाव लिहिलं. तिचे गाइड त्यावरून तिला बोलले असणार. पण छापलं तसंच.

तिच्या तोंडी परीक्षेला कोणीही बसू शकतं, असं तिनं सांगितलं म्हणून गेलो. स्वच्छ सदरा घालून शेवटच्या रांगेत बसलो. पुढे मोठे मोठे लोक. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याच वयाचे असतील, चष्मा कपाळावर. तिनं पडद्यावर ठिपके दाखवले, मोठ्या सूक्ष्मदर्शकाची नवी तारीख मिळवून काढलेले दाण्यांचे फोटो दाखवले, पायऱ्या पायऱ्या झालेले. मोझॅकच्या फरशीचंही बोलली. इंग्रजीतून बोलत होती, पण 'अकोला बस स्टँड' एवढं मला कळलं.

मग परीक्षकांनी प्रबंध उघडला, एका पानावर थांबले आणि मराठीत विचारलं, "हे नाव दोन ठिकाणी आलंय. ज्यांनी आरसे केले तेच, आणि ज्यांनी नमुना घालवला तेही. छपाईची चूक आहे का?"

"नाही सर," ती म्हणाली. "एकच गृहस्थ आहेत. मागे बसलेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी उभा राहिलो.

"नमुना तुम्हीच घासला?"

"हो. माह्यापासून चुकलं."

कोणापुढं हे बोलायची माझी ती पहिली वेळ होती, आणि तिच्याकडे बघूनच मी ते बोललो, परीक्षकांकडे बघून नाही. तिनं एकदा मान खाली घातली. परीक्षकांनी पुढची पानं उलटली.

"मग ह्या चार पानांत घासायची जी पद्धत लिहिली आहे, ती तुमची?"

"माही हाय. पन लिवली तिनं."

"बसा," ते म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडे वळले. "आता मला सांगा, प्रत्येक कागदाला चकती पाव का फिरवायची?"

तिनं सांगायला सुरुवात केली. मी तिचं उत्तर नीट ऐकलं. एकाही ठिकाणी ती चुकली नाही.